मिस्त्रींच्या घरचं युनियन

मिस्त्री पहाटे गेले आणि सकाळी नऊच्या सुमाराला त्यांच्या घरातलं पाणी गेलं. पहिल्या गोष्टीसाठी घरच्यांच्या मनाची तयारी सहा महिन्यांपासून होती. दुसरीसाठी कोणाचीच नव्हती.

पाणी घालवलं जावयाने. माणूस तसा वाईट नव्हता. पण मरणाच्या घरात हात रिकामे ठेवून बसणं त्याला जमत नव्हतं, आणि सकाळपासून तो दर दहा मिनिटांनी कोणाला ना कोणाला, "मी काही करू का?" असं विचारत होता. अशा माणसाला वेळीच एखादं बिनधोक काम देऊन टाकावं. ते कोणाला सुचलं नाही.

बाहेरच्या खोलीत पलंगावर पांढऱ्या चादरीखाली मिस्त्री होते. उशाशी त्यांची बायको बसली होती, तिला घरात सगळे आई म्हणत. भोवती शेजारच्या बायका होत्या. सगळं शांत होतं, आणि त्या शांततेत बाथरूममधला नळ गळत होता. टप. टप. टप. हा नळ गेली अकरा वर्षं गळत होता. मिस्त्रींनी हयातभर लोकांच्या घरचे नळ दुरुस्त केले, पण स्वतःच्या घरच्या नळात नवा वायसर घालायला त्यांना कधी सवड झाली नाही. अकरा वर्षं त्या आवाजाकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. आज मुलीला तो ऐकवेना.

"कोणीतरी बंद करा हो ते!" ती रडत म्हणाली. "बाबांच्या शेजारी बसून ऐकवत नाही मला."

जावई ताडकन उठला. त्याने नळ पिळून पाहिला. नळ दाद देईना. मग तो स्वयंपाकघरात गेला. तिथे ओट्याच्या वर, टाकीकडून येणाऱ्या लाईनीवर अख्ख्या घराचा मुख्य व्हॉल्व्ह होता. त्याचं चाक त्याने दोन्ही हातांनी घट्ट होईपर्यंत फिरवलं, आणि मग सासऱ्यांवरच्या प्रेमापोटी आणखी थोडं फिरवलं. आत कुठेतरी कट्ट असा आवाज झाला. टपटप थांबली. बायकोने लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं, आणि तो पुन्हा जागेवर येऊन बसला.

अर्ध्या तासाने बायका आंघोळीचं पाणी तापवायला उठल्या, तेव्हा नळ कोरडे. जावयाने व्हॉल्व्ह उलटा फिरवला. चाक गरागरा फिरलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा गरागरा फिरलं. पाणी काही आलं नाही.

शेजारीण भली होती. ती म्हणाली, "अहो, त्यात काय एवढं? माझ्याकडून दोन बादल्या आणते."

"नको," आई म्हणाली.

"अहो, पण न्यायला गाडी एक वाजता येणार ना?"

"येऊ दे. त्यांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या घरात पाणी पोचवलं. शेवटची आंघोळ दुसऱ्याच्या बादलीने घालायची? त्यांच्या हातच्या लाईनीचं पाणी त्यांना मिळालंच पाहिजे." ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. "माझं बाकी काही मागणं नाही."

तिने खरंच सकाळपासून काही मागितलं नव्हतं. त्यामुळे हे टाळण्याची सोय कोणालाच राहिली नाही. मुलाने घड्याळ पाहिलं. सव्वादहा झाले होते. तो एका कचेरीत जुनी कागदपत्रं सांभाळायचा आणि घरातलं जड सामान फक्त बापाच्या हातात पाहायची त्याला सवय होती.

तेवढ्यात मास्तर आणि पान्या आले. दोघंही मिस्त्रींबरोबर उमेदीची सगळी वर्षं काम केलेले. मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं, पण बोलायचे फळ्यासमोर उभे असल्यासारखे. पान्याचं नाव नट आवळायच्या पान्यावरून पडलेलं. तरुणपणी तो पाना उशाशी घेऊन झोपायचा म्हणे. आता मास्तरांची बोटं बधिर झाली होती आणि पान्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. इस्त्रीचे शर्ट घालून, डोळे पुसत दोघं आत आले, मिस्त्रींच्या पायांवर डोकं टेकवलं आणि ते उठत असताना मुलाने त्यांना पाण्याचं सांगितलं. खरं सांगायचं तर दोघांचे चेहरे जरासे उजळले. दुःखात हाताला ओळखीचं काम मिळणं ही फार मोठी सोय असते.

स्वयंपाकघरात मास्तरांनी चाक एकदा फिरवलं आणि निदान केलं. "आतलं पातं तुटून खाली पडलंय. कोणी पिळलं?"

जावयाने छताकडे पाहिलं.

"असो. व्हॉल्व्ह बदलायचा. युनियन खोलायचं, जुना काढायचा, नवा बसवायचा, युनियन आवळायचं. वीस मिनिटं."

"युनियन म्हणजे?" मुलाने विचारलं.

मास्तर आणि पान्याने एकमेकांकडे पाहिलं. ज्याच्या बापाने आयुष्यभर त्या एका गोष्टीवरून माणसं फाडून खाल्ली, त्याच्या पोटी हे! मास्तरांना उदाहरणासाठी काहीतरी हातात हवं होतं. ओट्यावर दुधाचं पातेलं होतं, पातेल्यावर झाकण, आणि मांजराने झाकण पाडू नये म्हणून त्यावर जुन्या कापडात शिवलेलं एक वजन. मास्तरांनी ते उचललं.

"समजा, हे युनियन. आता नीट बघ. पाइपाच्या दोन्ही टोकांना आटे असतात. मधला तुकडा काढायला तू इकडून सैल करायला फिरवलास, की तिकडे तो आणखी आवळला जातो. मग काढणार कसा? एक तर शेवटच्या नळापासून अख्खी लाईन उसवत यायची, नाही तर कापायची. म्हणून मध्ये हे घालायचं. ह्याचे दोन भाग. दोन्ही भाग तोंडाला तोंड लावून बसतात आणि वरून एक मोठा नट त्यांना धरून ठेवतो. नट सोडला की दोन्ही बाजू मोकळ्या. पाइप फिरवायचा नाही, कापायचा नाही, काही नाही. कळलं?"

"मास्तर, ते आधी झाकणावर ठेवा," शेजारीण दारातून म्हणाली. "मांजर टपलंय."

मास्तरांनी वजन झाकणावर ठेवलं.

मग दोघांनी लाईन पाहायला सुरुवात केली. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना हातभर पाइप दिसत होता, पुढे तो भिंतीत शिरत होता. दिसणाऱ्या भागात युनियन नव्हतं. पान्याने डोळे भिंतीला लावून पाहिलं, मग हाताने चाचपून पाहिलं.

"नाहीये."

"असं कसं नाही?" मास्तर म्हणाले. "मिस्त्रींचं वाक्य विसरलास? युनियन नसलेली लाईन म्हणजे दार नसलेली खोली. आत गेलेला माणूस बाहेर येणार कसा?"

विसरेल कसा? एकदा पान्याने तीन मजल्यांच्या लाईनीत एक युनियन कमी घातलं होतं. तपासणीला आलेल्या साहेबांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मिस्त्रींनी ती सगळी लाईन त्याला खालपासून वरपर्यंत पुन्हा उसवायला लावली होती आणि दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. त्या माणसाने स्वतःच्या घरात युनियन घातलं नसेल, ही शंकाही दोघांच्या मनाला शिवली नाही. आणि सगळा घोटाळा इथे झाला.

"म्हणजे भिंतीत गेलंय," मास्तर म्हणाले.

"मिस्त्री युनियन भिंतीत गाडतील?"

"त्यांनी नाही गाडलं. टाइलवाल्यांनी गाडलं असणार. काय रे, ह्या टाइल्स कधी लागल्या?"

"मी आठवीत होतो तेव्हा," मुलगा म्हणाला.

"बघ! लाईन आधीची, टाइल्स नंतरच्या. टाइलवाल्यांना समोर युनियन दिसो नाही तर माणूस दिसो, वर टाइल चिकटवून मोकळे होतात."

आता हत्यारं हवी होती. हत्यारं मिस्त्रींच्या पिशवीत होती आणि पिशवी पलंगाखाली होती. मुलगा बायकांची क्षमा मागत, पोटावर सरपटत बापाच्या खाली शिरला आणि पिशवी ओढत बाहेर आला. त्या पिशवीला हात लावायची त्याला उभ्या जन्मात परवानगी नव्हती. बाहेर येताना त्याने चादरीकडे पाहिलं. ओरडणारं कोणी नव्हतं, आणि ते त्याला फार लागलं.

पिशवीच्या तळाशी तेलकट कागदात गुंडाळलेले पाइपाचे दोन आखूड तुकडे निघाले. दोन्ही टोकांना आटे पाडलेले, मापात कापलेले. कागदावर मिस्त्रींच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं : 'घर. व्हॉल्व्हजवळ. युनियनचे.'

"घ्या, पुरावा!" मास्तर म्हणाले. "काम झाल्यावर उरलेले तुकडे. म्हणजे युनियन बसवलंय, शंकाच नाही."

जावयाला नवा व्हॉल्व्ह आणायला पाठवायचं ठरलं. दुकान लांब होतं, जाऊन यायला दीड-पावणेदोन तास. दारातून मागे वळून त्याने विचारलं, "येताना एक युनियनही आणू का? असू दे म्हणून?"

पान्या खवळला. "मिस्त्रींच्या घरी युनियन विकत आणायचं? लाज वाटते का जरा?"

त्या दिवसभरात जावई एवढं एकच शहाणपणाचं वाक्य बोलला होता, आणि त्याला त्यावरच बोलणी बसली.

भिंत फोडायला अकरा वाजता सुरुवात झाली. मास्तर खुणा करत होते, पान्या अंदाजाने छिन्नी धरत होता आणि मुलगा हातोडा मारत होता. म्हणजे एकाला बोटं नव्हती, एकाला डोळे नव्हते आणि एकाला त्यातलं काही कळत नव्हतं. पहिली टाइल निघाली. युनियन नाही. "आणखी जरा डावीकडे." दुसरी निघाली. "हे टाइलवाले ना!" तिसरी, चौथी. धूळ बाहेरच्या खोलीत गेली आणि हारांवर बसली. रडणाऱ्या बायका खोकू लागल्या आणि ज्या नुसत्याच बसल्या होत्या त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, आत भिंत फोडतायत," शेजारीण आईच्या कानात म्हणाली.

"फोडू दे," आई म्हणाली. "त्यांचे दोस्त आहेत. त्यांचं त्यांना कळतं." तिने मिस्त्रींच्या कपाळावरची धूळ पदराने पुसली. घरी आल्यावर त्यांच्या कपाळावर रोज अशीच धूळ असायची. तिने पुसली की ते म्हणायचे, राहू दे, उद्या परत बसणार आहे.

साडेबारापर्यंत एका कोपऱ्यातल्या बेंडापासून दुसऱ्या कोपऱ्यातल्या बेंडापर्यंत सगळा पाइप उघडा पडला. ओट्यावर विटांचा ढीग, जमिनीवर टाइल्सचे तुकडे. पाइप सरळसोट होता. त्यावर युनियन नव्हतं. कधी नव्हतंच.

मास्तर उलट्या डब्यावर बसले. पान्याने पाइपावरून पुन्हा एकदा इकडून तिकडे हात फिरवला आणि मग तो भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडायला लागला. पहाटेच्या बातमीनेही तो एवढा रडला नव्हता. गुरू गेला ते समजण्यासारखं होतं, वय झालं होतं. पण गुरूच्या घरात युनियन नाही, हे कोणाला सांगायचं?

"तीन मजले," तो हुंदके देत म्हणाला. "तीन मजले उसवले हो मी."

जावई व्हॉल्व्ह घेऊन आला आणि त्याच्यामागून गाडीचा ड्रायव्हरही आत आला. फोडलेली भिंत पाहून तो जरा बिचकला, पण धंद्यामुळे त्याला फारसं काही विचारायची सवय राहिली नव्हती.

"आवरलं का?"

"अजून आंघोळ व्हायचीय," मुलगा म्हणाला.

"अर्धा तास थांबतो. पुढे अजून दोघं आहेत. ते काही बोलत नाहीत, पण त्यांचे नातेवाईक फार ओरडतात."

अर्ध्या तासात दुकान गाठून परत येणं शक्य नव्हतं. पाइप कापून व्हॉल्व्ह काढता आला असता, पण कापलेली लाईन पुन्हा जोडायलाही युनियनच हवं. मास्तरांनी हात टेकले. "वहिनींना सांगा," ते म्हणाले, "शेजारच्या बादल्या आणू या. आमच्याकडून झालं नाही."

हे सांगायची हिंमत मुलाला होईना. शेवटी आई स्वतःच उठून आत आली. तिने भिंत पाहिली, टाइल्सचा ढीग पाहिला, रडणारा पान्या पाहिला.

"तुम्ही शोधताय तरी काय?"

"युनियन, वहिनी," मास्तर खाली बघून म्हणाले. "मिस्त्रींच्या लाईनीत युनियनच नाही."

"कसं असेल? ते दुधाच्या झाकणावर आहे."

कोणालाच काही कळलं नाही. आईने पातेल्यावरचं वजन उचललं, दातांनी कापडाची शिवण तोडली आणि आतून लोखंडी युनियन काढून ओट्यावर ठेवलं. पाऊण इंची, नटासकट. इतकी वर्षं कापडात राहून आणि वरून तुपातेलाचे हात लागून ते नव्यासारखं चकचकीत होतं. मास्तरांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बधिर बोटांकडे.

"राहायला आलो त्या आठवड्यात आणलं होतं," आई म्हणाली. "येत्या रविवारी बसवतो म्हणाले. तोवर मांजर दूध सांडायचं म्हणून मी ते झाकणावर ठेवलं. रविवारी मागायला आले. मी म्हटलं, आधी झाकणाला दुसरं वजन आणून द्या, मग घेऊन जा. ते म्हणाले, आणतो. दर रविवारी मागायचे. दर रविवारी मी हेच म्हणायचे. दुसऱ्यांच्या घरी जाऊन युनियनवरून आरडाओरडा करायचे, आणि घरी आले की झाकणाकडे बघून गप्प बसायचे. चूक माझी आहे. ह्यांना बोल लावू नका."

पान्याचं रडणं थांबलं. "म्हणजे बसवायचं होतं त्यांच्या मनात!"

"मनात तर रोज होतं."

मग जे झालं ते धावपळीत झालं. टाकीचं तोंड बंद केल्याशिवाय लाईन कापता येणार नव्हती, आणि टाकीला वर वेगळा व्हॉल्व्ह नव्हता. म्हणून जावयाला गच्चीवर पाठवलं. त्याने खांद्यापर्यंत हात टाकीत घालून तळाच्या छिद्रात कापडाचा बोळा दाबून धरायचा आणि खालून हाक येईपर्यंत सोडायचा नाही. दुःखाला शोभेल असा शर्ट घालून, गाल टाकीच्या काठाला लावून तो उन्हात उभा राहिला. खरं म्हणजे हे काम त्याला सकाळी सहालाच द्यायला हवं होतं.

खाली मुलाने लाईन कापली. बापाच्या हातचा पाइप कापताना तो दर दोन ओढींनी थांबत होता. पान्या म्हणाला, "काप रे, त्यांनीच सांगितलं असतं." जुना व्हॉल्व्ह निघाला. नवा बसला. कागदातले दोन तुकडे बसले. मुलाने युनियनचे दोन्ही भाग घट्ट आवळले, तोंडाला तोंड लागलं, आणि मग सगळ्यांना ओट्यावर पडलेला नट दिसला. नट आधी पाइपावर ओवायचा असतो. मास्तरांनी कपाळावर हात मारला. पुन्हा एक बाजू सोडली, नट ओवला, पुन्हा आवळली. आता मुलाने नटाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळायला घेतली.

"तिथे नाही!" आई ओरडली.

सगळे वळून पाहायला लागले.

"टेप पाइपाच्या आट्यांना. नटाला काही लावायचं नाही. तोंडं स्वच्छ पुसायची, एकमेकांवर नीट बसली की थेंब गळत नाही. नट नुसता धरून ठेवायला असतो." आणि मग जरा संकोचून ती म्हणाली, "जेवायला बसले की हेच असायचं ना. दुसरं काय बोलायचे ते?"

मुलाने टेप काढली, तोंडं पुसली, नट आवळला. चाळीस वर्षांपूर्वी मिस्त्रींनी कापलेले तुकडे जागेवर असे बसले, जसं काही त्यांनी कालच माप घेतलं होतं. मास्तरांनी खिडकीतून वर हाक मारली, "सोडा!" पाइपात घुसमटल्यासारखा आवाज झाला, नळाने दोनदा तांबडं पाणी टाकलं, आणि मग स्वच्छ धार लागली. पान्याने युनियनखाली तळहात धरला. बराच वेळ धरला. हात कोरडाच राहिला.

मिस्त्रींना त्यांच्या लाईनीच्या पाण्याने आंघोळ घातली. मुलाने घातली, आणि आईने कानामागचा साबण नीट निघालाय ना ते पाहिलं. गाडी दीड वाजता हलली. जावई गाडीत पुढे बसला, त्याची उजवी बाही गळत होती. मास्तर आणि पान्या मागे मिस्त्रींजवळ बसले. वाटेत पान्या एवढंच म्हणाला, "बसवलं हो शेवटी," आणि मास्तर म्हणाले, "हो. पण जिथे बसायला हवं तिथेच बसलं."

चारला सगळे परत आले. मधल्या वेळात मांजराने दूध संपवलं होतं. शेजारणीने नवं दूध आणून दिलं. आईने ते तापवलं, झाकण ठेवलं आणि सवयीने तिचा हात वजनासाठी ओट्यावर फिरला. वजन नव्हतं. ते समोर भिंतीत होतं, उघड्या विटांच्या मधोमध, एक थेंबही न गळता. बाथरूममधला नळ मात्र पुन्हा गळायला लागला होता. टप. टप. जावई अर्धवट उठला, तशी मुलीने त्याची ओली बाही धरून त्याला खाली बसवलं.

ओट्यावर धुळीत जुना व्हॉल्व्ह पडला होता. पातं तुटलेलं, चाक नुसतं गरगरणारं, आता कशाच्याच उपयोगाचा नाही. पण पितळी होता आणि चांगला जड होता. आईने तो उचलला, धुतला, पदराने पुसला आणि दुधाच्या झाकणावर ठेवला. मांजर आलं. त्याने पंजाने झाकण ढकलून पाहिलं. झाकण हललं नाही. ते निघून गेलं.

"आणलंत एकदाचं वजन," आई म्हणाली, आणि पहाटेपासून पहिल्यांदाच मोठ्याने रडली.